माल मालकाच्या जोखमीवर

ट्रान्सपोर्टच्या कुठल्याही बिल्टीवर खाली बारीक अक्षरात एक ओळ ठरलेली असते: माल मालकाच्या जोखमीवर. सही करताना ती कुणी वाचत नाही. खोकं ओलं निघालं, गोणी उसवली किंवा कपाटाची काच तडकली की मग मात्र तीच ओळ सगळ्यांना दिसू लागते. रेल्वेचा कायदा याहून स्पष्ट बोलतो. १९८९ च्या कायद्यात ‘मालकाच्या जोखमीचा दर’ असा वेगळा दरच आहे. भाडं कमी, पण नुकसान झालं तर चूक रेल्वेची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. माल सदोष बांधला होता अशी नोंद आधीच कागदावर झाली असेल, तर रेल्वे सहसा हात वर करू शकते.

म्हणजे बांधाबांध हे निव्वळ सुतळी आणि चिकटपट्टीचं काम नव्हे. वाटेत जे फुटेल, सडेल, गळेल, त्याचा तोटा कुणाच्या पदरात पडायचा हे बांधणीतच ठरून जातं. हे समजून घ्यायला जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावइतकी सोयीची जागा सापडणं कठीण. एका अंगाला राष्ट्रीय महामार्ग ५३, जो इथल्या लोकांच्या तोंडी अजून ‘हायवे नंबर सहा’च आहे. दुसऱ्या अंगाला भुसावळ-नागपूर रेल्वेमार्ग. गावाला खेटून आयुध निर्माणी, आणि तापीपलीकडे रावेर-यावलचा केळीपट्टा. कापूस, काडतुसं, केळी आणि बदलीची बिऱ्हाडं असं सगळंच या टापूत बांधलं जातं आणि बाहेर पडतं.

गोणीकडून गाठीकडे

रेल्वेच्या आधी खान्देशातून माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारी वाट याच मुलखातून जात असे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलं आहे. धान्य, मीठ, तांदूळ वाहणाऱ्या या वंजारी-लमाण तांड्यांची बांधणी साधी, पण हिशेबी होती. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाची गोण. एक बाजू जड झाली की पाठ सोलवटते आणि बैल बसतो. माल आणि जनावर दोन्ही तांड्याचेच, त्यामुळे बांधणीतली चूक ज्याची त्याला त्याच दिवशी भोगावी लागे.

एकोणिसाव्या शतकात कापसाने हे चित्र पालटलं. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वेचे रूळ खान्देशातून पुढे सरकले. सुटा कापूस हलका आणि फुगीर. वॅगन भरते, पण वजन भरत नाही. म्हणून आधी जिनिंग आणि मग प्रेसिंग. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. आजची गाठ १७० किलोंची, म्हणजे एका गाठीच्या पोटात जवळपास पाच क्विंटल कापूस असतो.

गाठ बांधली की आत काय आहे ते बाहेरून दिसेनासं होतं, आणि लबाडीला तिथेच जागा मिळते. आत ओला कापूस, कवडी, माती घालून वजन वाढवण्याचे उद्योग इतके वाढले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाच करावा लागला. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक केला. गाठ लिव्हरपूलला उघडली तरी ती कुठल्या प्रेसमध्ये दाबली गेली ते कळावं, हा हेतू. जोखीम मालकाची खरी, पण गाठ कुणी दाबली हे तिच्यावर लिहिलेलं हवं, ही त्यामागची समज.

पेटी हाही मालच

भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची आणि वरणगावची १९६४ ची. वरणगावला इन्सास रायफलीसाठी लागणारं ५.५६ मि.मी.चं काडतूस तयार होतं. भुसावळच्या निर्माणीचं जुनं आणि मुख्य काम मात्र ऐकणाऱ्याला चकित करतं. तिथे दारूगोळा नव्हे, तर दारूगोळा ठेवायच्या पेट्या, डबे आणि पिंपं तयार होतात, पोलादाची, पत्र्याची, प्लास्टिकची. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेलं आणि भुसावळ ‘यंत्र इंडिया’कडे. शेजारशेजारच्या दोन गावांत काडतुसाचा कारखाना एका कंपनीचा आणि पेट्यांचा दुसऱ्या कंपनीचा झाला.

लष्करी पेटीला इतकं महत्त्व का, याचं उत्तर धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत स्फोटकांचा वर्ग पहिला. त्यात १.४ एस नावाचा एक पोटवर्ग आहे आणि लहान शस्त्रांची बरीचशी काडतुसं त्यातच बसतात. चुकून एखादं काडतूस उडालं तरी त्याचा परिणाम पेटीच्या आतच राहील, आग विझवायला येणाऱ्याला अडथळा होणार नाही, अशी ज्याची बांधणी असेल त्याच मालाला ‘एस’ हे अक्षर मिळतं. काडतूस तेच, दारूही तीच. पेटी बदलली तर मालाचा वर्ग बदलू शकतो, मग तो कुठल्या वाहनातून, कुणाच्या शेजारी ठेवून न्यायचा तेही बदलतं. इथे पेटी हाही मालाचाच भाग झाला.

शिवाय हा माल लगेच वापरला जाईल असं नाही. इथल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात भरलेली पेटी उद्या सियाचीनच्या बर्फात उघडेल किंवा ईशान्येच्या पावसात वर्षानुवर्षं गोदामात पडून राहील. दमट हवा आत शिरता कामा नये, गंज चढता कामा नये, आणि हातमोजे घातलेल्या जवानाला कडी उघडता आली पाहिजे. इथे जोखीम कुणाच्या अंगावर आहे ते वेगळं सांगायला नको.

घड, फणी, पेटी

केळीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिची बांधणी आमच्या डोळ्यांदेखत बदलली.

कित्येक वर्षं केळी घडासकट जायची. बागेतून कापलेले घड ट्रॉलीत यायचे आणि ट्रकात किंवा वॅगनमध्ये केळीचीच पानं अंथरून उभे-आडवे रचले जायचे. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या गाड्या हे या भागाचं वैभव. फ्रूट सेल सोसायट्यांनी ती वाहतूक उभी केली. पण या पद्धतीत दांडा गाडीभाडं खायचा, खालच्या थरातली केळी वरच्या घडांच्या भाराने चेपायची, आणि घासलेली साल दोन दिवसांत काळी पडायची. दिल्लीत माल उतरला की डाग दाखवून भाव पाडला जायचा. कट्टी, म्हणजे कपात, व्हायची ती शेतकऱ्याच्या पट्टीतून. वाटेतल्या प्रत्येक हिसक्याची किंमत त्याच्या खिशातून जात होती.

जगात हा बदल आधीच झाला होता. मध्य अमेरिकेतून पूर्वी ‘ग्रो मिशेल’ जातीची केळी घडांनीच जायची, तिची साल दणकट होती. पनामा रोगाने ती जात संपवत आणली तेव्हा कंपन्यांना कॅव्हेंडिश गटाकडे वळावं लागलं. या केळीला जरा धक्का लागला की डाग पडतो. म्हणून १९६० च्या सुमारास होंडुरासच्या बागांजवळच फण्या कापून पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरायला सुरुवात झाली. जळगाव जिल्ह्यात आज सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन ही त्याच कॅव्हेंडिश गटातली. टिश्यू कल्चरची रोपं आली, ठिबक आलं, केळीची लांबी-जाडी निर्यातीच्या मापात बसू लागली. पेटी मात्र उशिरा आली.

निर्यातीचं पॅकहाऊस जवळून पाहिलं तर कळतं की पेटी भरायचं काम बागेतच सुरू झालेलं असतं. कापलेला घड जमिनीला टेकू द्यायचा नाही, तो फोमच्या गादीवरून न्यायचा. वाकड्या सुरीने फणी दांड्यापासून वेगळी केली की कापल्या जागेतून चीक वाहतो. तो सालीवर सुकला तर काळा डाग राहतो, म्हणून फणी लगेच तुरटीच्या पाण्याच्या हौदात. मग छाटणी, प्रतवारी, वजन. पेटीत आधी प्लास्टिकची पिशवी, त्यात देठाची बाजू कडेला आणि केळ्यांची पाठ वर अशी ओळ, मध्ये फोमचा कागद, मग दुसरी ओळ. पिशवीतली हवा यंत्राने ओढून घ्यायची आणि तोंड बांधायचं. पेटीचं वजन साधारण १३ किलो. पुढे शीतगृह आणि १३-१४ अंशांचा कंटेनर. त्याखाली तापमान गेलं तर केळी गारठते, सालीचा रंग मळकट होतो आणि ती नीट पिकत नाही.

पुठ्ठ्याच्या पेटीचंही एक शास्त्र आहे. थप्पीचा बराचसा भार पेटीचे चार उभे कोपरेच पेलतात. म्हणून कोपऱ्यावर कोपरा नेमका यायला हवा. पेटी दोन बोटं सरकली की ताकद झपाट्याने घटते आणि तळची पेटी बसते. हवेची भोकं कोपऱ्यांपासून लांब ठेवतात ती यासाठीच. ओल लागली की पुठ्ठा आणखी मऊ पडतो. पॅकहाऊसमधल्या बाया हे गणित न मांडता रोज पाळतात.

२०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल सुरू झाली, ती जळगाव, भुसावळवरूनच गेली. पण पेटीतला माल आणि ट्रकातला माल यांचे भाव वेगळे, त्यांचे व्यापारीही वेगळे. आजही बरीच केळी रोज जाहीर होणाऱ्या बोर्ड भावावर, घडानेच विकली जाते.

पेटी भरल्यावर ती कंटेनरात जाते, आणि हा लोखंडी डबा तसा अलीकडचाच. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ डबे चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. सुटा माल जहाजात भरायला टनामागे जवळपास सहा डॉलर लागत, डब्यामुळे तो खर्च सोळा सेंटांच्या आसपास आला. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि रावेरच्या बागेतून निघालेली पेटी वाटेत न उघडता आखाताकडे जाण्याची सोय झाली.

बिऱ्हाड

माणसांचा माल मात्र अजून हातानेच बांधला जातो. भुसावळ रेल्वेचं गाव, वरणगाव निर्माणीचं. दोन्हीकडे क्वार्टर्स, दोन्हीकडे बदल्या आणि निवृत्त्या. एकेकाळी बदलीची ऑर्डर आली की घरात पहिली हालचाल व्हायची ती गोणपाट, सुतळी आणि दाभण जमवण्याची. गाद्यांची वळकटी, भांडी पोत्यात, क्रोकरी असली तर ती गव्हाच्या भुश्यात घालून लाकडी खोक्यात, आणि पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि हुद्दा. सरकार किती सामान मोजतं तेही ठरलेलं आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्याला सहाव्या वेतनस्तरापासून वर ६००० किलो, पाचव्याला ३०००, चौथ्या आणि त्याखालच्याला १५०० किलो. पगार कमी तर संसारही हलका, हे सरकारने गृहीतच धरलं आहे.

आता पॅकर्स-मूव्हर्सची माणसं येतात आणि दुपारपर्यंत घर खोक्यांत जातं. फुगे असलेला तो प्लास्टिकचा कागद १९५७ मध्ये न्यू जर्सीतल्या दोघांनी खरं तर भिंतीला लावायचा कागद म्हणून बनवला होता. तसा तो खपला नाही, पण बांधाबांधीत त्याचं सोनं झालं. मात्र खोकी चांगली म्हणजे जोखीम गेली असं नव्हे. सामानाची यादी, प्रत्येक वस्तूच्या आधीच्या अवस्थेची नोंद, फोटो आणि वाहतूकविमा हे चार कागद हातात नसतील तर फुटलेली काच तुमचीच. ‘घासलेलं’, ‘चरे आहेत’ असं यादीत आधीच लिहून घेण्याची हुशारी समोरची बाजू नेमाने करते, हे ध्यानात ठेवावं.

खान्देशी घराची खरी परीक्षा घेतात ते बिबडे. ज्वारीचे हे वाळवणाचे पापड ताटाएवढे आणि ठिसूळ. पुण्याला किंवा सुरतेला पोरीकडे पाठवायचे म्हणजे आयांनी शोधलेली रीत अशी: पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा स्वच्छ करून उन्हात वाळवायचा, तळाशी जुन्या सुती लुगड्याची घडी, बिबड्यांची चळत उभी लावायची, कडेच्या फटीत कुरडया कोंबायच्या म्हणजे काही हलत नाही, वरून पुन्हा कापड. पोकळी ठेवायची नाही, हे पॅकेजिंगच्या अभ्यासक्रमातलं तत्त्व इथे लुगड्याच्या घडीत सांभाळलं जातं. तोच डबा अमेरिकेला जायचा झाला की विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत बसत नाही. मग बिबड्यांचे तुकडे करून नेतात. चव तीच राहते.

आणि दिवाळीच्या आगेमागे दुसरी बिऱ्हाडं निघतात. चाळीसगाव, पारोळा, धुळे, नंदुरबारकडची ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीत बसतात. पालाच्या काठ्या, ताडपत्री, कोयते, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचा ड्रम, खुराड्यातल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. या सामानाची यादी होत नाही, विमा नसतो, बिल्टीही नसते. पाच-सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीच्या कोपऱ्यात मावतो. वाटेतल्या अपघाताची जोखीम पूर्ण त्यांची.

उचलणारा खांदा

बांधणीच्या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो, तो म्हणजे उचलणारा. क्विंटलची गोणी व्यापाऱ्याच्या हिशेबाला सोयीची, हमालाच्या मणक्याला नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुष कामगाराने उचलायचं वजन ५५ किलोंच्या वर असू नये अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची चळवळ होती. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ५० किलोंच्या गोणीचा आग्रह धरला. गोणीचा आकार हाही हक्काचा प्रश्न असू शकतो, हे या चळवळीने दाखवून दिलं. कित्येक वर्षं मालाची झीज बिल्टीवर मोजली गेली, खांद्याची झीज कुणीच मोजली नाही.

नाव कुणाचं?

हा सगळा आढावा घेतल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. ज्याची बांधणी आणि ज्याची खूण, त्यालाच भाव ठरवता येतो, जोखीम मात्र दुसऱ्याच्या अंगावर पडू शकते. कापूस शेतकऱ्याचा, पण गाठ जिनवाल्याची आणि खूण प्रेसची, म्हणून बाजार त्यांच्या हाती राहिला. केळीचंही तसंच. परदेशी जाणारी पेटी बहुतेकदा निर्यातदाराच्या नावाची असते. बागाईतदार घड देतो, कट्टी सोसतो आणि पेटीवर मात्र कुठेच नसतो.

मानांकन मिळालं, रेल्वे आहे, महामार्ग आहे, थंड कंटेनर आहेत. आता पॅकहाऊस शेतकऱ्यांच्या गटांचं हवं आणि पेटीवर गावाचं नाव हवं. त्यासाठी भांडवल लागेल आणि पहिले काही हंगाम डाग पडलेल्या पेट्यांचा तोटाही सोसावा लागेल. तो आजही सोसावा लागतोच, फक्त दुसऱ्याच्या अटीवर. माल मालकाच्याच जोखमीवर जाणार असेल, तर पेटीही मालकाचीच असायला हवी.