मुलाला फुटबॉलला कोठे घालावे?

मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला, दिवसभर चेंडूमागे पळू लागला, की घरात बोलणे निघतेच, "याला फुटबॉलला घालू या का?" कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचे नाही. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे पेठांतली माणसे तिकडे लोटतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. अशी नावे कानांवर आली की आईबापांना हुरूप येतो आणि ते मुलाला जवळच्या वर्गात किंवा अकॅडमीत नेऊन सोडतात.

हुरूप चांगलाच. पण बैल विकत घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मग पोर ज्याच्या हवाली करायचे, त्याची पारख नको का करायला?

पुष्कळ लोक पारख करतात ती कपाटातल्या ढाली पाहून. त्या ढाली मोठ्या मुलांनी मिळवलेल्या असतात. तुमच्या मुलाला तेथे काय मिळेल, हे त्यांवरून समजत नाही. त्यापेक्षा असे करा. सामन्याच्या दिवशी जाऊ नका, रोजच्या सरावाच्या दिवशी जा. कडेला अर्धा तास उभे राहा आणि मैदानावरचे सर्वांत कच्चे मूल कोणते, ते हेरून त्याच्यावरच नजर ठेवा. त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो? चुकले तर शिक्षक त्याच्यावर खेकसतात, की जवळ जाऊन पुन्हा करून दाखवतात? हुशार मुलाकडे तर कोणीही लक्ष देतो. कच्च्या मुलाकडे जेथे लक्ष असते, तेथे तुमच्या मुलाकडेही राहील.

आता चेंडूचा हिशेब पाहा. मोठ्या मैदानावर बावीस मुले आणि चेंडू एकच. दोन-तीन दांडगी मुले तो खेळवतात, बाकीची नुसती पळतात. त्याच मुलांचे चार-चार, पाच-पाचांचे लहान संघ केले, मैदानाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात एक चेंडू दिला, की प्रत्येकाला चेंडू पुन्हा पुन्हा मिळतो. मूल त्यातूनच शिकते. चेंडूही वयाप्रमाणे हवा. साधारण आठ वर्षांपर्यंत ३ नंबरचा, बारापर्यंत ४ नंबरचा आणि पुढे मोठ्यांचा ५ नंबरचा. आठ वर्षांच्या पोराला रोज मोठा, जड चेंडू मारायला लावणारा वर्ग असेल, तर तेथे मुलांचा विचार झालेला नाही असे समजावे.

"पण जिंकायची ईर्षा नको का?" असे कोणी विचारील. हवी, पण वेळेवर. नॉर्वे देशात मुलांच्या खेळासाठी नियमच आहेत. मुले सामने खेळतात, पण अकरा वर्षांचे होईपर्यंत त्यांचे निकाल आणि क्रमवारी जाहीर करीत नाहीत. एर्लिंग हालांड हा नामांकित खेळाडू त्याच देशातल्या ब्रिन नावाच्या लहान गावी वाढला. उशिरा क्रमवारी लावल्याने त्याचे काही अडले नाही.

गुरुजनांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वयोगट जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी हा फरक फार दिसतो. तो उंच असतो, जोरात पळतो, म्हणून निवडला जातो. धाकट्याला "तुला जमत नाही" असे ऐकावे लागते आणि तो खेळ सोडतो. त्याला खेळ येत नव्हता असे नाही, त्याचे वय कमी पडले. म्हणून दहा-अकराव्या वर्षी मुले गाळणाऱ्या वर्गापासून जरा जपून राहावे.

शरीराचेही पाहिले पाहिजे. वाढत्या वयात हाडांची टोके नाजूक असतात. रोज एकच ताण पडला, तर गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागते. अशा वेळी "मर्द बन, पळ" म्हणणारा शिक्षक नको, विश्रांती देणारा हवा. दुखणे हटेना तर डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले, की आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये. आपल्या मुलांनी खोखो खेळावा, विहिरीत पोहावे, झाडावर चढावे. हे सारे फुटबॉललाही उपयोगी पडते. डोक्याने चेंडू मारण्याची तर लहानांना घाईच नको. अमेरिकेत २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केले. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते शिकवीत नाहीत.

जाता जाता आणखी चार गोष्टी पाहून घ्या. गोलचे खांब पक्के रोवलेले आहेत का? सैल खांब अंगावर पडून मुले दगावली आहेत. प्यायचे पाणी आणि मलमपट्टीची पेटी आहे का? पालकांना सराव पाहू देतात का? "पालकांनी आत यायचे नाही" असे म्हणत असतील, मुलाला एकट्याला खोलीत किंवा परगावी नेत असतील, तर नाव काढून घ्यावे. मुलींच्या वर्गाला एखादी बाई हजर असावी. आणि पैशाचे म्हणाल तर वर्षाची फी एकदम भरू नका; महिन्याची भरा, पावती घ्या. "जिल्ह्याच्या संघात निवड नक्की" असे कोणी पैसे घेऊन सांगू लागला, तर पाठ फिरवा. निवड चाचणीत होते, ती विकत मिळत नाही.

गावात वर्गच नसेल तर? तर शाळेचे मैदान आहे. गुरुजींनी चार दगड मांडून दोन गोल करावेत, दोन-तीन चेंडू मिळवावेत, चार-चारांचे संघ पाडावेत आणि मुलींनाही बरोबर घ्यावे. शाळांसाठीची सुब्रोतो करंडक स्पर्धा १९६० पासून चालू आहे. पोरे तयार झाली की तिचा विचार करता येईल.

आणि आईबापांनी एवढे करावे. पोर घामाघूम होऊन घरी आले, की "किती गोल केलेस?" असे लगेच विचारू नये. "आज काय शिकलास? उद्या जायचे ना?" असे विचारावे. उत्तर देताना त्याचा चेहरा पाहा. तो महिनाभर उतरलेलाच दिसला, तर वर्ग बदला. खेळ सोडवू नका.