शेवटच्या रांगेतून 'ऐकू येत नाही!'

वस्तीतल्या मुलांचं नाटक आठ दिवसांवर आलं होतं. काही पालक, दोन-तीन शिक्षिका, कॉलेजातली मुलं आणि आम्ही दोघं-तिघं विज्ञानवाले असे सगळे हौशी कार्यकर्ते कामाला लागलो होतो. तोवर तालमी एका गच्चीवर होत असत. त्या दिवशी पहिल्यांदा समाजमंदिरात तालीम झाली आणि शेवटच्या रांगेतून एकच ओरड सुरू झाली, ''ऐकू येत नाही!''

''मोठ्यानं बोला रे,'' असं दिग्दर्शन करणाऱ्या ताईंनी सांगितलं. मुलं ओरडू लागली आणि गोंधळ आणखीच वाढला. म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीचा आवाज मुळातच बारीक. तिची भूमिका दुसऱ्या कुणाला तरी द्यावी, अशी कुजबुज सुरू झाली. ती तिच्याही कानावर गेली असावी. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

दोष नक्की कुणाचा, हे ठरवण्यासाठी नाटकाच्या प्रयोगाआधी आम्ही एक वेगळा प्रयोग केला. रंगमंचावरून एका मुलानं वीस शब्द वाचायचे आणि मागच्या मुलांनी ऐकू आले तसे लिहायचे. शब्द मुद्दाम सारखे घेतले होते : कान, पान, मान, दान... सर्वांत खणखणीत आवाजाच्या मुलाचेही जेमतेम निम्मे शब्द बरोबर आले. म्हणजे आवाज मागे पोचत होता, शब्द मात्र पोचत नव्हते!

असं का झालं? 'कान' आणि 'पान' यांत फरक आहे तो फक्त पहिल्या व्यंजनाचा. स्वर जोरकस आणि लांब असतात, तर व्यंजनं क्षीण आणि क्षणिक. ओरडताना आपण स्वरच ताणतो. गच्चीवर तोंडातून निघालेला आवाज मोकळ्या हवेत निघून जातो. बंद खोलीत तो भिंती, छत आणि फरशी यांवर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो. आधीच्या 'आ'चा नाद विरण्याआधीच पुढचं व्यंजन येतं आणि त्यात बुडून जातं. या रेंगाळणाऱ्या नादाला 'निनाद' म्हणतात. परत आलेला आवाज एक विसांश सेकंदाच्या आत पोचला तर तो मूळ आवाजात मिसळून त्याला बळच देतो. त्यानंतर येत राहणारा नाद मात्र शब्द पुसतो.

हाच प्रश्न १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकापुढे आला. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळतच नसे. सॅबाइननं दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून मांडल्या आणि निनाद किती वेळ टिकतो ते मोजलं. रिकाम्या व्याख्यानगृहात तो साडेपाच सेकंद टिकत होता! गाद्या वाढवत नेल्या तसा तो कमी होत गेला. यातूनच त्याचं सूत्र निघालं :

निनादकाल (सेकंद) = ०.१६ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

आवाजाची तीव्रता मूळच्या दहा लाखाव्या हिश्शावर यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. शोषण मोजताना उघडी खिडकी हे माप धरायचं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आमचं समाजमंदिर १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच. घनफळ ५४० घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून सुमारे ४४७ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि फरशी पडलेल्या आवाजाचा जेमतेम ४ टक्के भाग शोषतात असं धरलं, म्हणजे शोषण १८ चौरस मीटर. सूत्रात आकडे घातले तर निनादकाल येतो ४.८ सेकंद! नाटकातले संवाद कळायला तो एक सेकंदाच्या आसपास हवा.

माईक लावून भागलं नसतं. आवाजाबरोबर निनादही मोठा झाला असता. मग आम्ही घरोघरी जाऊन वीस गोधड्या गोळा केल्या. एक गोधडी साधारण ३ चौरस मीटरची असते आणि ती निम्मा आवाज शोषते असं धरलं, तर वीस गोधड्यांचं शोषण ३० चौरस मीटर होतं. मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या भिंतींच्या मागच्या भागात, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून त्या टांगल्या. रंगमंचाजवळच्या भिंती आणि छत मात्र मोकळं ठेवलं, कारण तिथून लगेच परतणारा आवाज आपल्या उपयोगाचा. निनादकाल १.८ सेकंदांवर आला. शिवाय प्रेक्षक स्वतःही आवाज शोषतात. माणशी ०.४ चौरस मीटर धरलं तरी १२० प्रेक्षकांचे झाले ४८. म्हणजे प्रयोगाच्या दिवशी निनादकाल उरणार ०.९ सेकंद.

मुलांना फक्त तीनच गोष्टी सांगितल्या : ओरडू नका, वाक्यानंतर क्षणभर थांबा आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बोला. व्यंजनांमधले उच्च वारंवारतेचे ध्वनी मुख्यतः तोंडासमोरच जातात, पाठ फिरवली की ते हरवतात.

म्हातारीचं काम त्याच मुलीनं केलं. तिच्या प्रत्येक विनोदाला शेवटच्या रांगेतली पोरं अगदी वेळेवर हसत होती.

तुमच्या वर्गातही वीस शब्दांची ही चाचणी घेऊन पाहा. एकदा खिडक्या बंद ठेवून, एकदा उघडून, एकदा मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगून. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाचं 'लक्षच नसतं', त्याच्या वहीत कोणते शब्द उतरले आहेत, तेही जरूर पाहा.