डोळ्यांचे चलन आणि मनाचा घाव

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक अर्ज आला होता. त्या अर्जापासूनच आजच्या विषयास आरंभ करणे मला योग्य वाटते. अर्जदार हा आमच्या कार्यालयातील एक वाहनचालक. रायपूरहून जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो. त्या घाटात एका पावसाळी रात्री त्याच्या जीपवर समोरून ट्रक आदळला. शेजारी बसलेला शिपाई जागच्या जागी गतप्राण झाला. चालकाचा हात मोडला होता, तो यथाकाल सांधला. पुढे तो कामावर रुजू झाला आणि महिन्याभरातच त्याचा अर्ज आला : ‘मला गाडीवरून काढून कार्यालयात कोणतेही काम द्यावे, पगार कमी झाला तरी माझी हरकत नाही.’

अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र होते. त्यात हाड उत्तम जुळल्याचे व दृष्टी निर्दोष असल्याचे नमूद होते. मी त्यावर शेरा लिहिला, ‘अर्जदार कामास पात्र आहे. विनंती अमान्य.’ नियमांच्या दृष्टीने त्या शेऱ्यात काही वावगे नव्हते. तथापि तो शेरा चुकीचा होता, हे मला जवळजवळ दीड वर्षाने समजले. ते कसे समजले, हे सांगण्यापूर्वी त्या माणसाला नेमके काय झाले होते, ते पाहू.

अपघात, भूकंप, आग, अत्याचार, हिंसा असा जीवघेणा प्रसंग ज्याच्यावर ओढवतो, त्याच्या मनात त्या प्रसंगाची स्मृती पुष्कळदा इतर स्मृतींप्रमाणे साठवली जात नाही. सामान्य स्मृती काळानुसार फिकट होते. दहा वर्षांपूर्वीचे भांडण आठवले, तरी ते दहा वर्षांपूर्वीचे आहे ही जाणीव त्याच्यासोबत असते. आघाताच्या स्मृतीला जणू तारीखच नसते. ती आठवत नाही, ती पुन्हा घडते. ट्रकचा भोंगा कानी पडताच छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो, आणि आपण भर दुपारी शहरातील चौकात उभे आहोत हे ठाऊक असूनही शरीर मात्र घाटातल्या त्या रात्रीत असते. वाईट स्वप्ने, सदैव सावध राहण्याचा थकवा, प्रसंगाची आठवण देणाऱ्या प्रत्येक गोष्टीस टाळणे आणि स्वतःला दोष देणे ही या विकाराची मुख्य लक्षणे होत.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेल्या सैनिकांत ही लक्षणे दिसली, तेव्हा त्यांस ‘शेल शॉक’ असे नाव मिळाले. पण अनेकांच्या कपाळी भ्याड हाच शिक्का बसला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकारास स्वतंत्र निदान म्हणून आपल्या सूचीत स्थान दिले, ते १९८० साली. म्हणजे ज्या दुःखाला युद्धाइतका जुना इतिहास आहे, त्याला वैद्यकशास्त्रात हक्काचे नाव मिळून अर्धशतकही झालेले नाही.

मराठी माणसाला या दुःखाची ओळख ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे झोपी गेली होती. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि मातीची धाबी निजलेल्या माणसांवर कोसळली. शासकीय गणनेनुसार मृतांची संख्या जवळजवळ आठ हजार होती. अन्य गणना तिच्याही पुढे जातात. मी तेव्हा रायपुरात शाळेत शिकत होतो. आमच्या वस्तीतील मराठी कुटुंबांनी धान्य आणि कपडे गोळा केल्याचे मला आठवते. आमची एक आत्या उमरग्याच्या बाजूला राहत असे. ती वाचली. पुढे तिला पक्के नवे घर मिळाले. पण त्या घरात ती कित्येक महिने झोपली नाही. अंगणात बाज टाकून, पायांत चपला घालून ती निजत असे. ‘आत्या, आत चला, पाऊस येतोय,’ असे म्हटले की ती म्हणे, ‘पाऊस अंगावर पडला तर माणूस भिजतो, मरत नाही.’ आम्ही मुले हसत असू. त्या हसण्याची आज लाज वाटते.

त्या भूकंपानंतर मानसिक परिणामांचा शास्त्रीय अभ्यास झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात प्रमुख भाग घेतला. नाट्यरसिकांना ते नट म्हणून परिचित आहेत. पण त्यांचा मूळ व्यवसाय मनोविकारतज्ज्ञाचा. आपत्तीनंतर घराइतकीच मनाचीही पुनर्रचना करावी लागते, हा विचार आपल्याकडे रुजण्यास किल्लारी कारणीभूत झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता उपचाराकडे वळू. १९८७ साली कॅलिफोर्नियातील फ्रान्सिन शपिरो ही मानसशास्त्राची अभ्यासक एका उद्यानात फिरत असता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मनात काही त्रासदायक विचार घोळत होते, आणि डोळे आपोआप वेगाने इकडून तिकडे हलल्यावर त्या विचारांची धार बोथट झाली. असे योगायोग पुष्कळांच्या वाट्याला येतात; ते तपासून पाहण्याचे कष्ट थोडेच घेतात. शपिरोने ते घेतले. आघाताच्या आठवणींनी पछाडलेल्या बावीस व्यक्तींवरील आपला पहिला अभ्यास तिने १९८९ साली प्रसिद्ध केला. पुढे ही पद्धती विस्तारली आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ई. एम. डी. आर.’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मराठीत तिला ‘नेत्रचलनाद्वारे संवेदनाशमन व पुनःसंस्करण’ असे म्हणता येईल. नाव अवघड आहे. कृती त्या मानाने साधी आहे.

उपचाराचे आठ टप्पे मानले जातात. प्रथम चिकित्सक रुग्णाचा पूर्ववृत्तान्त समजून घेतो. दुसऱ्या टप्प्यात तो रुग्णाची तयारी करतो. मन फार व्याकूळ झाल्यास ते शांत कसे करावे, एखाद्या सुरक्षित जागेची कल्पना डोळ्यांसमोर कशी आणावी, हे शिकवतो. आणि हाताने खूण करताच उपचार थांबेल, असे आश्वासन देतो. तिसऱ्या टप्प्यात त्या प्रसंगातील सर्वांत बोचणारे एक चित्र निवडले जाते. त्या चित्रासोबत स्वतःविषयी कोणता विचार येतो, हे विचारले जाते. बहुधा ‘दोष माझाच’, ‘मी असहाय आहे’ असे काहीतरी उत्तर येते. त्याऐवजी कोणता विचार खरा वाटावा अशी इच्छा आहे, हेही ठरते. मग मनाचा त्रास शून्यापासून दहापर्यंतच्या मोजपट्टीवर किती, हे रुग्ण स्वतः सांगतो.

चौथा टप्पा हा या पद्धतीचा गाभा होय. रुग्ण ते चित्र मनात धरतो आणि चिकित्सकाची बोटे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतात, त्यांच्या मागोमाग केवळ डोळे फिरवतो. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की थांबायचे, श्वास घ्यायचा, आणि मनात काय आले ते थोडक्यात सांगायचे. चिकित्सक त्यावर भाष्य करीत नाही. ‘बरे, तिथूनच पुढे जाऊ,’ एवढेच म्हणतो. चित्र बदलत जाते. कधी विसरलेला तपशील येतो, कधी रडू येते, कधी अगदी वेगळीच जुनी आठवण वर येते. मोजपट्टीवरचा आकडा उतरून शून्याजवळ येईपर्यंत हा क्रम चालतो. पाचव्या टप्प्यात इच्छिलेला विचार दृढ केला जातो. सहाव्यात शरीरात कुठे ताण उरला आहे का, हे पाहतात. सातव्यात बैठक शांतपणे आटोपतात, आणि पुढील भेटीच्या आरंभी, आठव्या टप्प्यात, परिणाम टिकला की नाही याची तपासणी होते. एक बैठक तास-दीड तासाची असते. डोळ्यांऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने थोपटणे, किंवा दोन्ही कानांत आळीपाळीने ध्वनी ऐकवणे, हेही पर्याय आहेत.

हे सारे ऐकून कोणास मांत्रिकाच्या मोरपिसाची आठवण होईल. तशी शंका घेणे गैर नाही. नामांकित शास्त्रज्ञांनीही ती घेतली आहे. रुग्ण बरा होतो तो आठवणीला सामोरा गेल्यामुळे, डोळ्यांची हालचाल हा केवळ अलंकार, असा आक्षेप प्रारंभापासून आहे. २००१ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या एका परीक्षणात, हालचालीने अधिक लाभ होतो असे दिसले नाही. २०१३ सालच्या दुसऱ्या परीक्षणात मात्र तो दिसला. वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

हालचालीने लाभ होतो असे धरल्यास, तो का? यासाठी सर्वांत अधिक आधार मिळालेली उपपत्ती अशी आहे. आपल्या मनाची तात्कालिक कामकाजाची जागा फार तोकडी असते. तिथे दुःखद चित्र धरून ठेवायचे आणि त्याच वेळी हलत्या बोटांचा मागही घ्यायचा, ही दोन कामे एकमेकांची जागा खातात. परिणामी चित्र फिके पडते आणि त्याची दाहकता उतरते. स्मृती जागी झाली की ती काही काळ मऊ असते आणि पुन्हा साठवली जाताना बदलू शकते, असे संशोधन सांगते. म्हणून फिके झालेले रूपच पुढे साठवले जाते. ही उपपत्ती खरी असेल, तर मन गुंतवणारी इतर कामेही तोच परिणाम करावीत. आणि प्रयोगांत काही अंशी तसे आढळलेही आहे. अर्थात बोटांत जादू नाही, हे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनीही मान्य करावे लागेल. दुसरे काही अभ्यासक या हालचालीचा संबंध स्वप्नावस्थेतील निद्रेशी जोडतात, कारण त्या निद्रेतही मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने फिरतात. पण ते अद्याप अनुमानच आहे.

कारणाविषयी मतभेद असले, तरी गुणाविषयी पुरावा बराच जमला आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर विकारासाठी ज्या मोजक्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत हा एक आहे. संघटनेने याचे एक वैशिष्ट्यही नोंदवले आहे : यात प्रसंगाचे सविस्तर वर्णन करावे लागत नाही आणि घरी करण्याचा अभ्यासही नसतो. आपल्या समाजात याचे मोल मोठे आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला तो प्रसंग शब्दशः सांगणे किती जड जाते, हे निराळे सांगावयास नको. शिवाय आमच्या छत्तीसगडात माणसे घरी छत्तीसगढी, हलबी किंवा गोंडी बोलतात आणि दवाखान्यात त्यांस हिंदीत बोलावे लागते. परक्या भाषेत दुःखाची कहाणी जुळवण्याचे ओझे ज्या उपचारात कमी पडते, तो उपचार त्यांना अधिक जवळचा ठरेल.

भारतात ही पद्धती ठळकपणे आली ती २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर. परदेशी प्रशिक्षकांनी येथील मानसशास्त्रज्ञांस शिकवले, आणि पुढे येथील मंडळींनीच ते काम वाढवले. मुंबईच्या डॉ. सुषमा मेहरोत्रा यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. लहान मुलांसाठी ‘फुलपाखराची मिठी’ नावाचा एक प्रकार आहे. मूल दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून खांद्यांजवळ आळीपाळीने हलकेच थोपटते. मेक्सिकोतील १९९७ च्या चक्रीवादळानंतर तेथील मुलांसोबत काम करताना तो निघाला. आपत्तीच्या छावणीत एकाच वेळी अनेक मुलांना तो शिकवता येतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा उपचार स्मृती पुसत नाही. गेलेला माणूस आठवतच राहतो. एका अपघाताचा घाव थोड्या बैठकींत भरू शकतो. पण बालपणापासून वर्षानुवर्षे झालेल्या छळाला फार वेळ लागतो. आठवणी उघडल्यावर त्रास काही काळ वाढूही शकतो. म्हणून हे काम प्रशिक्षित चिकित्सकाचेच आहे. आप्तेष्टांनी घरी बोटे फिरवून प्रयोग करू नयेत. आणि सर्वांनाच गुण येतो, असेही नाही.

आता त्या चालकाकडे परत येतो. हे त्याच्या अनुमतीने सांगत आहे. माझ्या शेऱ्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. आधी रजा संपवली, मग विनावेतन राहिला. घरात भांडणे झाली. शेवटी त्याचा भाचा त्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला. तिथे आठ-नऊ बैठकी झाल्या. त्यानंतर एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, तेव्हा तुम्हाला नीट सांगता आले नव्हते. स्टीअरिंगवर हात माझे असायचे, पण डोळे तिथेच घाटात असायचे. शेजारची जागा रिकामी दिसली की वाटायचे, मीच त्याला मारले.’ आता काय वाटते, असे मी विचारले. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘ट्रक चुकीच्या बाजूने आला होता. हे मला आधीही माहीत होते. आता ते पटते.’

आज तो शहरात गाडी चालवतो. रात्री घाटात जात नाही, आणि त्याला तसे पाठवूही नये, असा आदेश मी काढला आहे. विनावेतन गेलेले महिने नियमित करण्याचा प्रस्तावही मीच तयार केला. त्यात माझ्या पूर्वीच्या शेऱ्याचा उल्लेख करणे आवश्यक होते. ‘सदर शेरा अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता,’ असे मी लिहिले. नोकरीच्या इतक्या वर्षांत स्वतःच्या शेऱ्याविषयी असे वाक्य मी प्रथमच लिहिले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवाही उपलब्ध झाली आहे. परंतु त्या दूरध्वनीपर्यंत पोहोचण्याआधी माणूस बहुधा आपल्यापैकीच कोणाकडे येतो : वडीलधाऱ्यांकडे, शिक्षकाकडे, मालकाकडे, किंवा माझ्यासारख्या एखाद्या अधिकाऱ्याकडे. तो नीट सांगू शकेलच असे नाही. ‘काम बदलून द्या’, ‘आत झोपत नाही’, ‘त्या रस्त्याने जाणार नाही’, एवढेच तो म्हणेल. तेव्हा त्याचे हाड जुळले आहे की नाही एवढेच न पाहता, त्याला आणखी एक प्रश्न विचारावा, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. श्रोतेहो, माझ्या आत्याला तो प्रश्न कोणी विचारला नाही. ती शेवटपर्यंत चपला घालूनच निजली.