सुंदर, सुरेख की झक्कास? थांबा, आधी मीठ चाखा!

माहीत आहे का? 'लावण्य' या शब्दाच्या पोटात चक्क मीठ आहे! संस्कृतात लवण म्हणजे मीठ, आणि त्यावरूनच आलं लावण्य. म्हणजे 'लावण्यवती' ही मुळात चवीपुरतं मीठ पडलेली सुंदरी. अळणी रूप इथे चालतच नाही!

आता उडी थेट स्पेनमध्ये. पासपोर्ट राहू द्या घरीच. तिकडे ठसकेबाज, मिश्किल, मोहक माणसाच्या अंगी 'सालेरो' आहे असं म्हणतात. सालेरो म्हणजे काय, माहीत आहे का? मिठाचं भांडं! देश दोन, रेसिपी एकच.

स्पॅनिशमध्ये 'सुंदर'साठी शब्दांची रांगच लागते. बोनिता, लिंदा, ग्वापा, एर्मोसा, प्रेसिओसा... क्लास लावलेला माणूस पहिल्याच आठवड्यात गांगरतो. आणि प्रत्येकीची जन्मकुंडली एकाहून एक भन्नाट.

बोनिता ही 'चांगली'ला लाडाचा प्रत्यय लागून झालेली. तिचा भाऊ बोनितो मात्र ट्यूनाच्या भावकीतला मासाही आहे. जपून कौतुक करा, ताटात येईल!

लिंदा आली लॅटिनमधल्या 'कायदेशीर' या अर्थाच्या शब्दावरून. अगदी सातबारा क्लिअर असलेलं सौंदर्य!

प्रेसिओसामध्ये लपलीय 'प्रेसिओ', म्हणजे किंमत. भाव खाणं म्हणतात ते हेच!

आणि ग्वापा? स्पेनमध्ये दिसायला छान असलेल्या बाईला सर्रास म्हणतात. पण शब्दाचं मूळ बहुधा लॅटिनमधल्या बेचव दारूत आणि बदमाश माणसात आहे. क्युबात तर 'ग्वापो' म्हणजे अंगावर धावून येणारा भांडखोर. एकच कॉम्प्लिमेंट, दोन देश, दोन निकाल.

एर्मोसाची पोर्तुगीज बहीण फॉर्मोझा तर नकाशावर जाऊन बसली. पोर्तुगीज खलाशांनी एका बेटाला 'सुंदर बेट' म्हटलं आणि कित्येक शतकं जग त्याला फॉर्मोसाच म्हणत राहिलं. आजचं तैवान!

हसताय? मग जरा भंडाऱ्यात या. आपल्याकडेही शब्दागणिक मालक ठरलेला आहे. चुकीच्या दारात गेलात तर फजिती पक्की.

'लखलखीत' हा शब्द इथल्या भांड्यांचा. भंडारा म्हणजे पितळेचं शहर. बाकी जगात पितळ उघडं पडलं की माणूस तोंड लपवतो, इथे मात्र ते उघडं पडूनच विकलं जातं!

'रेखीव' आणि 'सुरेख' म्हणजे रेघेची कमाल. सुरेख म्हणजे चांगली रेघ. म्हणूनच अक्षर सुरेख असतं आणि नाकडोळे रेखीव. दगडावरची रेघ बघायची तर भंडारा जिल्ह्यातली पवनी गाठा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि कोरीव खांबांसह बौद्ध स्तूप सापडला. दोन हजार वर्षांची रेघ, खोडरबर फेल!

'ठसठशीत' हवंय? कुंकू, नथ आणि करवती साडीचा काठ. विदर्भातल्या या कोसा साडीच्या काठाला करवतीचे दाते असतात. जीआय टॅग मिळवलेलं हे देखणेपण सुताराच्या हत्याराचं नाव मिरवतं. माहीत होतं का?

'डौलदार' म्हटलं की सारस! गोंदिया-भंडारा पट्ट्यात दिसणारा हा क्रौंच जगातला सर्वात उंच उडणारा पक्षी. 'उंच उडणारा' नव्हे हं, उडणाऱ्यांत उंच! मान वर केली की जवळजवळ सहा फूट.

'रुबाबदार' कोण? अर्थातच वाघोबा. 'शोले'तल्या जयचं नाव मिळालेला जय नागझिऱ्यातून निघाला आणि २०१३ मध्ये उमरेड-करांडला जंगलात पोचला. पर्यटक त्याच्यामागे वेडे झाले. २०१६ मध्ये तो गायब झाला, तो आजतागायत. रुबाब मात्र तसाच.

'टुमदार' फक्त घराला किंवा गावाला. लग्नात नवरीला टुमदार म्हणून बघा, पुढच्या पंगतीचं आमंत्रण विसरा!

अजून एक चमचमीत नग. माहीत आहे का, इथल्या झाडीबोलीत ण, छ, ळ, श, ष ही अक्षरं नांदतच नाहीत? म्हणून देखणी होते 'देखनी' आणि डोळे होतात 'डोरे'. ज्या 'छान'वर पुण्या-मुंबईचं निम्मं कौतुक चालतं, त्याच्या पहिल्याच अक्षराला इथे एंट्री नाही! साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं.

स्पॅनिशची आणखी एक गंमत. 'ती सुंदर आहे' यातल्या 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं. 'एस ग्वापा' म्हणजे जात्याच देखणी. 'एस्ता ग्वापा' म्हणजे आज छान दिसतेय. आपल्याकडे हे काम एक 'आज' करतो. पण जपून! 'आज सुंदर दिसतेस' म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे काल नव्हते?"

एवढ्यातून एकही शब्द निवडता येत नाहीये? मग झाडीपट्टीचा, म्हणजे झाडीबोलीच्याच मुलखाचा, अक्सीर उपाय घ्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे इथली जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक रंगतं. नायिका स्टेजवर आली की मागच्या रांगेतून एक सणसणीत शिट्टी वाजते. लिंग नाही, वचन नाही, प्रत्यय नाही. आणि अर्थ? एकदम क्लिअर!