पांगाऱ्याचा ओंडका, आठ फुटी फळी

आटगाव हे कसारा लोकलच्या वाटेवरचं, आसनगाव आणि तानशेत यांच्यामधलं लहानसं स्टेशन. इथून जवळच तानसा. 1892 साली बांधलेल्या त्या धरणाचं पाणी थेट मुंबईला जातं आणि आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. सांगायचं एवढंच, की पाण्याशी आमचं नातं लांबून बघण्याचं. तलावात उतरायची मुभा नाही आणि समुद्र तर आमच्या वाटेतच नाही. असल्या गावच्या माणसानं सर्फिंगच्या फळीवर लिहावं, हे मलाही थोडं हास्यास्पद वाटतं. पण या फळीचं मर्म मला कळलं ते गावच्या विहिरीमुळे, म्हणून लिहितो.

मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला जातात. त्यामुळे पोहायला शिकायचं ते दिवाळीच्या सुट्टीत, विहीर तुडुंब असताना. आजोबा पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधायचे. पांगारा म्हणजे तोच काटेरी खोडाचा, होळीच्या आधी पानं टाकून लालभडक फुलणारा. त्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की हातात घेतल्यावर आत काही नसल्यासारखं वाटतं. काही घरांत ओंडक्याऐवजी वाळलेले भोपळे असायचे. दोन भोपळे जोडून नदी उतरायचं जे साधन, ती सांगड. आज आपण अभ्यासाची आणि नोकरीची सांगड घालतो तेव्हा तो भोपळा कुणाच्या ध्यानात नसतो.

आजोबांचा हिशेब पक्का होता. अंगानं भरलेल्या पोराला जाड ओंडका, काटकुळ्याला बारीक. पोरगं हातपाय नीट मारू लागलं की ओंडका वीतभर कापायचा. पुन्हा चार दिवसांनी आणखी वीतभर. शेवटी पाठीला दोरीच तेवढी उरायची आणि ते पोराच्या लक्षातही यायचं नाही. पहिल्याच दिवशी बारीक ओंडका मागणाऱ्या पोराला आजोबा काठावर बसवून ठेवत.

पुढे पंचवीस वर्षांनी मी गोव्यात पहिल्यांदा लाटेवर उभं राहायला गेलो आणि नेमका तो बारीक ओंडका मागितला. दुकानात दोन फळ्या होत्या. एक आठ फुटी, निळी, मऊ, शाळेतल्या खेळाच्या गादीसारखी दिसणारी. दुसरी सहा फुटी, पांढरी, चकचकीत, टोकदार. भाडं सारखंच. मी पांढरी उचलली. दुकानदारानं काही विचारलं नाही, मीही नाही. पुढचे दोन तास मी त्या फळीवर एकदाही नीट पालथा पडू शकलो नाही, उभं राहणं तर दूरच. बसलो की फळी बुडे आणि मी छातीपर्यंत पाण्यात. शेजारी निळ्या गादीवर दहा वर्षांची एक मुलगी तिसऱ्या लाटेला उभी राहिली.

यात अंगातल्या कौशल्यापेक्षा आर्किमिडीजचा भाग मोठा होता. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. खारं पाणी किंचित जड, म्हणून समुद्र थोडा उदार. आठ फुटी मऊ फळीचं आकारमान 80 लिटरच्या आसपास असतं आणि तिचं स्वतःचं वजन सहा-सात किलो. माणूस 65 किलोचा धरला तर दोघांची बेरीज 72. म्हणजे तुम्ही सगळे वर असतानाही फळी पाण्यावरच राहते. सहा फुटी बारीक फळी जेमतेम 28 लिटरची. तिच्यावर 65 किलो बसले की ती बुडणारच. मग कसलेले लोक तिच्यावर उभे कसे राहतात? वेगामुळे. फळी वेगात असली की पाणी तिला खालून उचलून धरतं, चापट दगड भाकऱ्या खेळत जातो तसं. पण तो वेग लाटेतून काढून घेणं हीच तर शिकायची गोष्ट. ती येण्याआधी वेगावर चालणारी फळी घेणं म्हणजे सायकल येत नसताना एकाच चाकाची मागणं.

हवाई बेटांवर हा खेळ काही शतकं जुना आहे. तिथे सामान्य लोकांची फळी 'अलाया', पातळ आणि आखूड, बहुधा कोआ किंवा विलायती फणसाच्या लाकडाची. सरदारांची 'ओलो' मात्र पंधरा-सोळा फूट लांब, जाड, आणि त्यांच्या आवडत्या 'विलीविली' नावाच्या हलक्या लाकडाची. हा विलीविली कोण, ते मी शोधायला गेलो आणि थक्क झालो. एरिथ्रिना प्रजातीतलं झाड. आपला पांगाराही एरिथ्रिनाच. म्हणजे पाण्यावर तरायचं तर कुठलं लाकूड घ्यावं, याचं उत्तर तिथल्या सरदाराला आणि आमच्या आजोबांना एकाच कुळात सापडलं होतं. दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसताना.

या भाऊबंदांवर संकटही सारखंच आलं. एरिथ्रिनाच्या कोवळ्या पानादेठांवर गाठी आणणारा एक इवलासा कीटक 2005 साली हवाईत पोहोचला आणि विलीविली पटापट वाळू लागले. 2008 मध्ये त्या कीटकाचा शत्रू असलेला दुसरा कीटक सोडून ती साथ आवरावी लागली. गाठी आणणारा तोच कीटक दक्षिण भारतातल्या पांगाऱ्यांवरही आढळला आहे.

लाकडाची फळी नंतर जगभर गेली ती ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूबरोबर. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस 1914 च्या अखेरीस सिडनीला गेला, तिथेच पाइनच्या लाकडातून त्यानं फळी कोरली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना दाखवली. ती फळी आजही तिथे जपून ठेवली आहे. पुढे टॉम ब्लेक नावाच्या फळीकारानं जुन्या ओलो फळ्यांच्या नकला करता करता त्या आतून पोकळ केल्या, आणि 1935 मध्ये फळीच्या पोटाला माशाला असतो तसा पहिला पर लावला. त्याआधी फळी वळवायची तर पाय पाण्यात घालून ओढावा लागे. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा आणला. फोम, मधोमध लाकडाची पट्टी, वर काचतंतू आणि राळ. आजची चकचकीत फळी बहुतांशी हीच. क्लार्कचा फोम इतका सर्वदूर होता की 5 डिसेंबर 2005 च्या सोमवारी त्यानं अचानक कारखाना बंद केला तेव्हा अमेरिकेतल्या फळीकारांचं धाबं दणाणलं.

शिकाऊ माणसाची मऊ फळी या घराण्यातली शेवटची आणि सर्वांत कमी मानाची. आत थर्माकोलच्या जातीचा फोम, वर मऊ फोमची पाठ, खाली गुळगुळीत प्लॅस्टिक. पाण्यात उतरलेले जाणते तिच्याकडे बघून हसतात. हसू द्यावं. काचतंतूची फळी डोक्यात बसली तर टाके पडतात. मऊ फळी बसली तर बहुतेकदा फक्त लाज वाटते. आणि शिकणारा माणूस पहिल्या महिन्यात लाटेपेक्षा स्वतःच्या फळीचाच मार जास्त खातो.

आता निवडायची कशी. वजन 65-70 किलोपर्यंत असेल तर आठ फूट, त्यावर गेलं तर नऊ. रुंदी 22 इंचांच्या वर, जाडी तीन इंच किंवा थोडी अधिक. लहान मुलांना सहा-सात फुटी मऊ फळी पुरते. लांबीवर मात्र सगळं सोडू नये; लांब पण अरुंद फळी डुगडुगते, आणि डुगडुगणाऱ्या फळीवर पहिल्यांदा उभं राहणं म्हणजे पावसाळ्यात शेवाळलेल्या बांधावरून धावणं. टोक रुंद आणि गोल हवं. तळाला बाक थोडाच हवा, कारण सपाट फळी लाट लवकर पकडते. पण अगदीच सपाट असली आणि तुम्ही पुढे सरकून पडलात, तर टोक पाण्यात खुपसतं आणि तुम्ही फळीवरून पुढे. म्हणून पालथं पडल्यावर टोक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहतं का, हे काठाशीच बघून घ्यावं.

भाड्याची फळी हातात घेतली की आधी उचलून बघा. वाजवीपेक्षा जड लागली तर आत पाणी मुरलंय. ती कितीही नवी दिसो, परत द्या. कडेनं आणि शेपटाकडे चीर आहे का, पाठीवर उन्हानं फुगे आलेत का, ते बघा. पर लवचीक प्लॅस्टिकचे हवेत आणि त्यांचे स्क्रू घट्ट. बहुतेक फळ्यांना तीन पर असतात. ही मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं रूढ केली आणि 1981 मध्ये तिच्यावर मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवल्या. शिकणाऱ्यानं त्यावर डोकं खपवू नये.

दोरीकडे मात्र डोळे फाडून बघावं. मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची ही दोरी साधारण फळीइतकीच लांब असते. तिचा पट्टा धुतलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखा सैल झाला असेल तर बदलून मागा. कॅलिफोर्नियात पॅट ओनील या तरुणानं 1971 च्या सुमारास ही दोरी शोधून काढली तेव्हा ती रबरी नळीची होती. तिनंच ताणून परत खेचलेली फळी त्याच्या वडिलांना, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखासाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक ओनील यांना, डोळ्यावर लागली. डावा डोळा गेला. आजची दोरी तेवढी ताणली जात नाही, पण पाण्याबाहेर येताना दोन हातांनी डोकं झाकायची सवय त्याच घटनेमुळे लावावी. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नये. लाट ती तोंडावर आणते.

आपल्याकडे हा खेळ मुळावला तो पश्चिम किनाऱ्यावर मुल्कीला, 2004 मध्ये, जॅक हेबनर या अमेरिकी साधूच्या आश्रमातून. 'सर्फिंग स्वामी' हे त्यांचं नाव तिथूनच पडलं. मुंबईत वाढलेली इशिता मालवीय 2007 मध्ये मणिपालला शिकत असताना लाटेवर चढली. ती आणि तिचा साथीदार तुषार पाथियान यांच्यात बराच काळ मिळून एकच फळी होती. भारतातली पहिली महिला सर्फर म्हणून आज तिला ओळखतात, आणि कोडी बेंग्रेच्या किनाऱ्यावर त्या दोघांचा क्लब आहे. फळी मिळेल ती घ्यायची, असे ते दिवस. आजची अडचण उलटी आहे. टोकियोच्या ऑलिंपिकपासून लाटा घरच्या पडद्यावर आल्या; 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुडिहाळनं कांस्यपदक मिळवलं. पोरं ते बघतात आणि त्याच्यासारखी आखूड फळी मागतात. तो माणूस त्या फळीपर्यंत किती वर्षांनी आला, हे पडद्यावर दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यावर शिकायचं ते पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते मे. जूनला लाटा मोठ्या होतात म्हणून मन उचल खातं, पण लाल बावटा असताना समुद्रात उतरणं हा खेळ नव्हे. पहिले काही दिवस फुटून आलेल्या फेसाळ लाटेवरच काढावेत, कमरेइतक्या पाण्यात, वाळूचा तळ असलेल्या जागी. तिथे ही मोठी मऊ फळी राणीसारखी चालते. दहापैकी आठ लाटांवर सहज उभं राहता येऊ लागलं आणि फळी हवी तिकडे वळू लागली, की सात फुटी मागावी. तोपर्यंत नाही. एकदम आठवरून साडेपाचवर उडी मारणारे मी बरेच पाहिले. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी किनाऱ्यावर दिसले नाहीत.

विकत घेण्याची घाई तर अजिबात करू नका, विशेषतः तुम्ही माझ्यासारखे समुद्रापासून लांब राहत असाल तर. मी एकदा मित्राची आठ फुटी फळी घरी न्यायला घेतली. कसारा लोकलच्या सामानाच्या डब्यात, भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या कॅनमधून ती आडवी मावेना, उभी राहीना. कल्याणला एक आजी चढल्या, तिच्यावर हात फिरवून म्हणाल्या, "काय रे बाबा, गादी का?" मी हो म्हटलं. फळी वर्षभर पडवीत पडून राहिली, उन्हानं तिच्या पाठीला फुगे आले आणि शेवटी मित्रानं ती परत मागितली नाही. भाड्याची फळी वापरून तिथेच ठेवून यावी, यापेक्षा शहाणपणाचं काही मला सुचलेलं नाही.

पाच वर्षं झाली. दर हिवाळ्यात चार-सहा दिवस मी जातो आणि अजून आठ फुटीच मागतो.