वाहनांच्या टायरवरील वेगचिन्ह : अर्थ आणि उपयोजन
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नवापूर तालुक्यातून सुरत-धुळे महामार्ग जातो, तर अक्राणी तालुक्यातील रस्ते सातपुड्याच्या घाटांतून वळणे घेत चढतात. महामार्गावर टायरच्या वेगाची, तर घाटात त्याच्या भारक्षमतेची कसोटी लागते. टायर खरेदी करताना मात्र किंमत व आकार यांपलीकडे सहसा पाहिले जात नाही. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात वेगचिन्हाचे स्पष्टीकरण केले आहे.

वेगचिन्हाचे वाचन :
मोटारीच्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ अशा स्वरूपाची नोंद असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे टायरच्या बाजूच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ८८ हा भारनिर्देशांक असून तो प्रत्येक टायरमागे ५६० किलोग्रॅम इतका कमाल भार दर्शवितो. शेवटचे अक्षर हे वेगचिन्ह. ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ १४०, ‘क्यू’ १६०, ‘एस’ १८०, ‘टी’ १९० आणि ‘व्ही’ २४०. अक्षरक्रमानुसार वेग वाढत जातो; अपवाद फक्त ‘एच’चा. त्याची मर्यादा २१० असून तो ‘यू’ (२००) व ‘व्ही’ यांच्यामध्ये येतो.

मर्यादेमागील कारण :
टायर फिरताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. प्रत्येक आवर्तनात काही ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. वेग वाढला की ही उष्णता साचते, थरांमधील बंध शिथिल होतात व टायर फुटू शकतो. वेगचिन्ह हे प्रयोगशाळेत, फिरत्या ढोलावर, ठरावीक भार व हवेचा दाब ठेवून केलेल्या चाचणीवर आधारलेले असते. म्हणजेच भार वाढला किंवा हवा कमी झाली की त्या अक्षराची हमी उरत नाही.

स्थानिक संदर्भ :
तापी खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यात बाजाराच्या दिवशी क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेणारे वाहन संथ चालले तरी सुरक्षित ठरत नाही. वरील उदाहरणातील चार टायरांची एकत्रित क्षमता २२४० किलोग्रॅम होते. परंतु त्यात वाहनाचे स्वतःचे वजनही अंतर्भूत आहे आणि जादा भार बहुधा मागील दोन टायरांवरच पडतो. घाट उतरताना ब्रेकची उष्णता चाकांत भर घालते. अशा वेळी वेगचिन्हापेक्षा भारनिर्देशांक अधिक निर्णायक असतो.

निष्कर्ष :
वेगचिन्ह ही टायरच्या क्षमतेची कमाल मर्यादा आहे, वेगाने वाहन चालविण्याचा परवाना नव्हे. वाहन-उत्पादकाने सुचविलेल्यापेक्षा कमी दर्जाचे चिन्ह वा भारनिर्देशांक असलेला टायर बसवू नये. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्यास टायर बदलावा. वाहनधारकांपर्यंत हे ज्ञान पोहोचविण्यात महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना मोलाचा वाटा उचलता येईल.