टोचणी कुणाची, भोग कुणाचा?

सिंधू मरणाच्या दारात आहे. तान्हं मूल नवऱ्याच्या हातून गेलं आहे आणि तिला जीवघेणी जखम झाली आहे तीही त्याच्याच हातून. फौजदार जबाब घ्यायला येतो तेव्हा नवऱ्यावर किटाळ येऊ नये म्हणून ती खोटं सांगते. गुन्हा सुधाकराचा आहे, पण शेवटच्या श्वासापर्यंत त्याची काळजी वाहते ती सिंधू.

‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत नाटककार गडकरी गेले होते, त्यांना प्रयोग पाहायला मिळाला नाही. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं, आणि आपण हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचं म्हणून लक्षात ठेवलं. मला ते अपराधभावाचं नाटक वाटतं. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, मानी आहे. सनद रद्द होण्याचा अपमान तो तळीरामाने पुढे केलेल्या प्याल्यात बुडवतो. मध्ये एकदा तो दारू सोडतो आणि कामासाठी जुन्या ओळखीच्यांकडे जातो, पण त्याला कुणी उभं करत नाही. गडकऱ्यांची खरी नजर मला या जागी दिसते. चूक कबूल करून परत आलेल्या माणसाला बसायला पाट मिळाला नाही, की तो पुन्हा अंधाराकडेच वळतो. पुढे सगळं उद्ध्वस्त झाल्यावर सुधाकराला आपण काय केलं ते पुरतं उमगतं आणि तो प्याल्यात विष कालवून पितो. पण तोवर क्षमा मागायला समोर कुणी उरलेलं नसतं.

मराठी साहित्यातली दुःखी, एकटी, मनातल्या मनात कुढणारी माणसं आठवू लागलो की हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो. पुरुषाची टोचणी उशिरा येते. बाईची मात्र तिने काही केलेलं नसतानाही आधीपासून हजर असते. ही एकच गोष्ट धरून मी गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतली काही पुस्तकं आणि नाटकं पुन्हा वाचली.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकिकत स्वतःच सांगते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींच्या घरात तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. नवरा गेला यात तिचा काय दोष, हे विचारायला घरात कुणी नाही. विधवेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणाऱ्या समाजाने तिच्या दुःखाला परस्पर अपराधाचं रूप दिलं होतं. भरल्या घरातलं हे एकटेपण हरिभाऊंनी एवढ्या बारकाईने टिपलं की आजही ती पानं सलग वाचवत नाहीत. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणणं ही त्या काळी केवढी मोठी उडी होती!

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ कोण याची चर्चा पुस्तकाहून मोठी झाली. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींची मनं त्यात होती. स्वतःसाठी काही हवं असं वाटण्याचीच या मुलींना बोचणी लागते. टोपणनावाआडून लिहिणाऱ्या त्या लेखिका पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंसला हॅर्टा भेटते. ती नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी आहे. ती जीव ओतून प्रेम करते. पहिल्या प्रेमात पोळलेला चक्रधर तिला जवळ घेतो, पण तिची जबाबदारी घेत नाही. मुंबई येते, तो उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते. मग तिची पत्रं येतात आणि तिने समुद्रात जीव दिल्याचं कळतं. इथेही उत्तर द्यायची वेळ टळून गेल्यावरच टोचणी येते. आकाराने लहानशी ही कादंबरी मराठीतल्या कितीतरी जाडजूड कादंबऱ्यांना पुरून उरते असं माझं ठाम मत आहे.

जी. ए. कुलकर्णींशिवाय हा विषय पुरा होणार नाही. धारवाडला इंग्रजी शिकवत, सभा-समारंभांपासून दूर राहिलेल्या या लेखकाने ‘निळासावळा’पासून ‘काजळमाया’पर्यंत एकाकी माणसांची अख्खी वस्तीच उभी केली. त्यांच्या कथांतली घरं कोंदट, नाती करकचून बांधलेली, आणि प्रत्येकाच्या छातीत एक न सांगितलेली गोष्ट. मी त्यांचा भक्त आहे. तरीही वय वाढत गेलं तसा एक प्रश्न मला सतावू लागला. त्यांच्या जगात दुःखाचा कर्ता बहुतेक वेळा नियती असते. नियतीच्या माथी भार टाकला की ज्या माणसाने दुसऱ्याचं आयुष्य कुरतडलं, तो हळूच सुटतो. त्यामुळे जीएंची कथा वाचून मी हादरतो, पण रागावत नाही.

राग यावा तर बाबुराव बागूल वाचावेत. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी येतो. राहायला खोली हवी म्हणून तो जात सांगत नाही, एवढंच. ती उघडकीला येते तेव्हा त्याला बेदम मार बसतो. शीर्षकातलं ‘चोरली’ हे क्रियापद नीट बघा. डोक्यावर छप्पर मागणारा चोर ठरतो आणि छप्पर नाकारणारे साव ठरतात. आतापर्यंतची पात्रं समाजाने लादलेला अपराध मुकाट्याने अंगावर घेत होती. बागुलांचा नायक तो घेत नाही. त्याचं अंग ठेचलं जातं, पण आपण काही वाईट केलं ही भावना त्याच्या मनाला शिवत नाही. मारणारी माणसं ज्या विचाराची बाहुली आहेत तो विचार त्याला स्वच्छ दिसतो. मराठी कथेत अपराधभावाची दिशा अशी उलटी फिरवणारं लेखन त्यापूर्वी माझ्या तरी वाचनात नाही. याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा देवीने झालेला मृत्यू हा त्या कादंबरीचा खरा गाभा आहे, आणि त्या पानांपुढे उरलेली थट्टामस्करी मला नेहमीच पातळ वाटली आहे.

सत्तरीनंतरच्या नाटकांनी एकटेपण दिवाणखान्यात आणून बसवलं. ‘नटसम्राट’चे बेलवलकर सगळं मुलांच्या हवाली करून उघड्यावर येतात. दळवींच्या ‘संध्याछाया’त म्हातारा-म्हातारी दाराकडे डोळे लावून बसतात. दोन्ही नाटकं मोठी आहेत, पण ती आपल्याला रडवून मोकळं करतात. एलकुंचवारांचं १९८५ चं ‘वाडा चिरेबंदी’ मोकळं करत नाही. धरणगावच्या देशपांड्यांकडे वडील गेलेत, तेरवीच्या खर्चावरून भाऊ हिशेब मांडताहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. मुंबईला गेलेल्या सुधीरला गेल्याचा सल आहे, मागे राहिलेल्या भास्करला घराणं बुडत असल्याचा. त्या दोघांचे सल निदान बोलले तरी जातात. बहीण प्रभा, जिला शिकायला बाहेरगावी जाऊ दिलं नाही, तिचं आयुष्य कुणाच्या हिशेबात धरायचं? तिसरा भाऊ चंदू तर गड्यासारखा राबतो आणि बोलतही नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत अशी एक प्रभा होती. आत्या म्हणून आम्ही तिच्या हातचं खाल्लं, आणि तिला काय हवं होतं हे कधी विचारलं नाही.

या काळोखात एक कंदील मला दिसतो, आणि तो ‘श्यामची आई’त आहे. हे पुस्तक आपण लहानपणीच वाचून कपाटात ठेवून देतो. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. श्याम आश्रमात प्रार्थनेनंतर बेचाळीस रात्री काय सांगतो? आईची थोरवी तर सांगतोच, पण आपण कुठे चुकलो, आईला कुठे दुखवलं, शेवटच्या घडीला तिच्याजवळ कसे नव्हतो, तेही सांगतो. तो मित्रांसमोर सांगतो, रडतो, ते ऐकतात, दुसऱ्या रात्री पुन्हा जमतात. सुधाकराला हे ऐकणारं वर्तुळ मिळालं नाही. यमूलाही घरात ते नव्हतं, म्हणून तिने कागदावर सांगितलं.

बेणारेबाईला ऐकणारे मिळाले ते न्यायासनावर बसलेले. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची. खेड्यातल्या प्रयोगाआधी वेळ घालवायला मंडळी खोटा खटला मांडतात, भ्रूणहत्येचा आरोप गमतीने ठेवतात आणि बघता बघता तिचं खासगी आयुष्य पिंजऱ्यात उभं करतात. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, रोकडे, प्रत्येकाच्या पदरी स्वतःचं अपयश आहे, आणि ते प्रत्येकजण तिच्या अंगावर टाकून हलका होतो. शेवटी ती भडभडून बोलते, पण भोवतालची माणसं तेव्हा गोठल्यासारखी असतात, म्हणजे तिचं बोलणं कुणाच्याच कानी पडत नाही. खटला मुलाच्या आईवर चालतो, शिक्षा आईला होते. त्या मुलाचा बाप प्राध्यापक दामले. साक्षीला त्याचं नाव पुकारलं जातं, पण पडदा पडेपर्यंत तो रंगमंचावर येत नाही.